तीन मिनिटं, दोघांची: कॅन्सर पसरलेला असताना नवरा-बायकोने भान कसं धरावं

पहिल्या भेटीत काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "पसरलाय ते त्यांना माहीत नाही. तुम्ही काही बोलू नका हं." आत काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. काकू चहा टाकायला गेल्या तसे हळूच म्हणाले, "हिच्यापुढे स्टेजबिज काढू नका. पेट स्कॅनचा रिपोर्ट वाचलाय मी, हाडांत गेलंय. हिला झेपायचं नाही." बेचाळीस वर्षांचा संसार, दहा बाय बाराची खोली, आणि दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

पॅलिएटिव्ह टीमबरोबर, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या टीमबरोबर, मी घरोघरी जाते, समुपदेशक म्हणून. असे जिने मी बरेच चढले आहे. म्हणून हा लेख ज्यांच्या घरात 'फोर्थ स्टेज' हा शब्द नुकताच शिरलाय त्या जोडप्यांसाठी. ध्यान कधी केलेलं नसलं तरी चालेल. खरं तर न केलेलंच बरं, आधीच्या कल्पना पुसायला लागत नाहीत.

माइंडफुलनेसला मराठीत सजगता म्हणतात. मला साधा 'भान' शब्द जास्त जवळचा वाटतो. आजारात दोघांचंही भान सुटलेलं असतं. एकाचं मन पुढच्या स्कॅनमध्ये, दुसऱ्याचं मन 'वेळेवर तपासणी केली असती तर' मध्ये. एका खाटेवर बसूनही दोघं एका वेळेत नसतात. दिवसातली काही मिनिटं दोघांनी एकाच क्षणात यायचं, एवढंच इथं करायचंय. यानं गाठ लहान होत नाही. होते असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. आणि 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणजे भान नव्हे. भीती वाटत असेल तर 'आत्ता भीती वाटतेय' हे कळणं म्हणजे भान.

क्लास लावायचा का?

दवाखान्यातल्या रुग्णांना असं ध्यान शिकवायची आजची पद्धत अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केली. आठ आठवड्यांचा कोर्स, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी पाऊण तास. पुढे ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या जोडीदारांना एकत्र बसवून ध्यान शिकवायचे प्रयोगही झाले. एकत्र बसवणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे 'पेशंट' एकटाच ध्यानाला बसतो आणि बायको बाहेर बाकावर पिशवी सांभाळत असते.

पण ज्याला पंधरा मिनिटं बसवत नाही त्याला पाऊण तास कशाला सांगायचा? इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिरही आत्ता नको. तिथं भल्या पहाटेपासून तासन्‌तास बसायचं असतं आणि जोडीदारही वेगळा राहतो. आधी केलं असेल तर उत्तम, त्यातला आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणं, घरी पडल्या पडल्या करता येईल. बाकी सगळ्यांनी तीन मिनिटांपासून सुरुवात करायची.

आधी दुखणं, मग ध्यान

ही पायरी गाळू नका. दुखणं दहापैकी सात असताना 'शांत बसा, निरीक्षण करा' म्हणणं हा छळ आहे. आधी डॉक्टरांकडून वेदनेची औषधं नीट बसवून घ्या. मॉर्फिनचं नाव निघालं की घरात सन्नाटा पसरतो, "म्हणजे शेवट आला का?" तसं नसतं. मॉर्फिन वेदनेवरचं औषध आहे. ते घेत लोक महिनोन्‌महिने हिंडतात-फिरतात, नातवंडांशी पत्ते खेळतात. त्यानं शौचाला मात्र घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन अर्ध्या-पाऊण तासाने लागू पडायला लागतं. दोघांची तीन मिनिटं त्यानंतर ठेवा, गोळीच्या आधी नाही.

पॅलिएटिव्ह म्हणजे 'आता काही करण्यासारखं नाही' हाही गैरसमज. २०१० साली बोस्टनमधला एक अभ्यास छापून आला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण त्यात होते. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम मिळाली, त्यांचे दिवस जास्त सुखाचे गेले. निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ त्या गटात ११.६ महिने होता आणि नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ८.९. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हा वेगळा विभागच आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालतंय आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. शेवटच्या दोन ठिकाणी पैसे घेत नाहीत. फोन लवकर करा. फार उशिरा येणारे फोन आम्हाला सगळ्यात जड जातात.

जागा आणि वेळ

पुस्तकात 'शांत खोली निवडा' असं लिहिलेलं असतं. शांत खोली कुठून आणायची? घरात सासू आहे, मुलगा घरून काम करतोय, बघायला येणारे पाहुणे संपत नाहीत. मुंबईबाहेरून आलेली जोडपी तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या हॉलमध्ये राहत असतात. शांतता मिळणार नाही असं धरूनच चला. मिळवायचा आहे तो थोडासा आडोसा. आणि सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरायची लाज, हीही खरी अडचण आहे. काकूंना माझ्यासमोरही संकोच वाटला. "सुनेनं बघितलं तर काय म्हणेल?" त्यांनी स्वतःच उपाय काढला. गोधडी ओढून घेतली आणि हात गोधडीखाली.

वेळ ठरलेली हवी, नाहीतर रोज राहून जातं. दुपारच्या गोळीनंतर बघा, सकाळी आंघोळीच्या खटाटोपानंतर दमलेलं असतं. ओपीडीच्या रांगेत नंबर यायला तीन तास असतील तर तिथेही चालतं.

हातापासून सुरुवात

सगळीकडे श्वासापासून सुरुवात सांगतात. मी जोडप्यांना हातापासून सांगते.

रुग्णाने झोपायचं किंवा टेकून बसायचं, जोडीदाराने शेजारी. पाठीला आधार दोघांनाही हवा, सांभाळणाऱ्याची कंबर आधीच गेलेली असते. डोळे मिटायची सक्ती नाही. मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर लावा, हळू आवाजाचा. एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर अलगद ठेवा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. आता लक्ष फक्त तिथं, जिथं कातडी कातडीला लागते. गरम आहे की गार? कोरडं? सलाईनची सुई काढल्यावरची काळीनिळी जागा बोटाला वेगळी लागते का? मन पळणारच. 'विम्याचे कागद राहिले' असं आलं की 'हां, विमा' एवढं मनात म्हणायचं आणि परत हातावर यायचं. तीन मिनिटांत पन्नास वेळा परत यावं लागलं तरी जमलं म्हणायचं. हे परत येणं हाच सराव आहे.

गजर वाजला की लगेच उठू नका. "बरं वाटलं का?" हा प्रश्न विचारू नका. बरं वाटायलाच हवं असा दाब त्याने येतो.

थोडी काळजी घ्या. काही केमोंनी बोटांना मुंग्या येतात, तळहात-तळपाय सोलपटतात, गार वस्तूचा स्पर्शही सहन होत नाही. तसं असेल तर हात कोपराच्या वर किंवा खांद्यावर ठेवा. हाडांत पसरलं असेल तर पाठ, बरगड्या दाबू नका. आणि एखाद्या दिवशी "आज हात लावू नकोस" असं आलं तर तो राग नसतो. शेजारी बसा, दोघांनी एकाच आवाजाकडे कान लावा. कुकरची शिट्टी, खालून जाणारा भंगारवाला, पंख्याची कुरकुर, काहीही चालतं.

श्वास नंतर, आणि कधी कधी अजिबात नाही

ज्यांना धाप लागते, फुप्फुसात पाणी झालंय, त्यांना 'श्वासाकडे लक्ष द्या' सांगितलं की लक्ष जातं ते नेमकं भीतीच्या जागी. घाबरगुंडी उडते. त्यांना श्वास पाहायला लावू नका. उशी मांडीवर किंवा टेबलावर ठेवून पुढे वाकून बसवा, हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यावर वारा येईल असा धरा, आणि गरम चहावर घालतो तशी लांब फुंकर घालत श्वास सोडायला सांगा. पंख्याचा वारा खरंच धाप कमी करतो, त्यात चमत्कार काही नाही. जोडीदाराने शेजारी बसून तशीच फुंकर घालावी. बोलून सूचना देण्यापेक्षा बरोबर केलेलं जास्त उपयोगी पडतं.

धाप नसेल तर पहिल्या आठवड्यानंतर श्वासाकडे या. फक्त बाहेर जाणारा श्वास, फक्त दहा. डोक्यापासून पायापर्यंत शरीर निरखायचा जो प्रकार आहे तो मी सहसा सुचवत नाही. ऑपरेशनने शरीराचा भाग गेलेला असतो, तिथून मन नेताना बाई कोसळलेली मी पाहिलीये. करायचाच असेल तर न दुखणाऱ्या एखाद्या जागेपासून करा, कानाची पाळीसुद्धा चालेल. जप करणाऱ्यांनी तो सोडायचं कारण नाही. फक्त घाईघाईत मोजणी पुरी करण्यापेक्षा एकेक नाम ऐकत घ्या.

रात्री तीनला

दिवस कसाही निघतो. रात्र निघत नाही.

काका एसटीत ड्रायव्हर होते, पुणे-सातारा. मी विचारलं, झोप लागत नाही तेव्हा काय करता? म्हणाले, "गाडी काढतो." म्हणजे? "स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ... असं म्हणत जायचं. घाटात घाई करायची नाही." मी त्यांना श्वास शिकवायला गेले होते. वही मिटली. यांच्याकडे आधीच होतं, मी फक्त एक भर घातली: प्रत्येक थांब्यावर गाडी खरोखर थांबवा. कोण चढलं, कोण उतरलं, शिरवळला ऊन होतं की पाऊस, ते बघा आणि मग पुढे निघा.

पुढच्या भेटीत काकू म्हणाल्या, "अहो, यांचं कापूरहोळ मला ऐकू येतं. मी जागीच असते रोज." मग ठरलं. एक थांबा त्यांनी म्हणायचा, एक काकूंनी. तुमच्या घरात असं काही असेलच: लग्नाच्या पंगतीतले पदार्थ क्रमाने, माहेरच्या वाड्यातल्या खोल्या, वारीचे मुक्काम. दोघांना पाठ असलेलं, एकामागून एक येणारं आणि भांडण न लावणारं काहीही निवडा.

एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं

दोन आठवड्यांनी, हात सवयीचा झाल्यावर. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. सल्ला नाही, "असं बोलू नये" नाही, "तुम्ही बरे होणार" नाही. पाच मिनिटांनी अदलाबदल. बोलणाऱ्याने वाक्य 'मला' पासून सुरू करावं. "तू ऐकतच नाहीस" ऐवजी "मला रात्री भीती वाटते."

ऐकणाऱ्याला हे फार जड जातं. रडू येतं. येऊ द्या, हात तिथंच ठेवा. काकांनी पहिल्यांदा बोलताना आजाराचं नावही काढलं नाही, गॅसच्या सिलिंडरचा नंबर कसा लावायचा ते सांगत बसले. काकू मला म्हणाल्या, "मला कळलं ना त्यांना काय म्हणायचंय ते." दोघांनीही एकमेकांची गुपितं कधी 'फोडली' नाहीत. ती हळूहळू आपोआप उघड झाली. रुग्णाला ऐकायचंच नसेल तर बळजबरीने सत्य डोक्यावर ओतू नका. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" हे विचारलं तरी पुष्कळ.

व्यवहाराचं बोलणं या वेळात आणू नका. बँक, वारसनोंद, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, यासाठी वेगळी दुपार ठेवा. शेवटच्या उपचारांबाबतची इच्छा लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. हे काम रुग्ण पूर्ण शुद्धीत असतानाच करून ठेवावं.

दोन घास

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? मरणावरून नाही, जेवणावरून. "दोन घास खा ना, माझ्यासाठी." रुग्णाला खाणं म्हणजे छळ, बायकोला न खाणं म्हणजे नाकारणं. आजार पुढे गेला की भूक मरते, आणि बळेच भरवलेलं अन्न शरीर नीट वापरत नाही. मिटल्या तोंडात चमचा घालून वजन वाढत नाही, नातं मात्र झिजतं.

ध्यानाच्या वर्गात मनुका चघळायला देतात. तोंडात फोड असतील तर मनुका विसरा. एक घोट पुरे: कोमट पेज, शहाळ्याचं पाणी, ज्याला चालेल त्याला. दोघांनी एकेक घोट घ्यायचा, तोंडात धरायचा, गिळायचा, आणि तेवढ्यावर थांबायचं. गिळताना ठसका लागत असेल तर आधी सिस्टरना विचारा. जोडीदाराने भरवायची इच्छा तेलात वळवावी. पायाला हलक्या हाताने तेल लावून देणं हेही भरवणंच आहे.

सांभाळणाऱ्याचं काय

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणणाऱ्या बायकाच आधी आजारी पडतात. नवरे सांभाळत असतील तर ते काही म्हणतच नाहीत, गच्चीवर जाऊन उभे राहतात. तुमची स्वतःची तीन मिनिटं वेगळी काढा. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श, औषधाच्या दुकानापर्यंत चालताना तळपाय. 'सुटका व्हावी' असा विचार मनात येतो, मग त्याची शरम वाटते. जवळजवळ सगळ्यांनाच येतो. आला की त्यालाही 'हां, हा विचार' एवढंच म्हणा.

शरीराच्या जवळिकीबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. शेजारी झोपणं, कुशीत घेणं चालतं, कॅन्सर स्पर्शाने लागत नाही. केमोनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काय काळजी घ्यायची ते टीमला विचारून घ्या. लाजू नका, आम्ही ते रोज ऐकतो.

कधी थांबायचं

डोळे मिटले की जुने भयंकर प्रसंग उसळून येत असतील, छाती धडधडून घाम सुटत असेल, तर सोडून द्या, डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर बघा. रुग्ण अचानक असंबद्ध बोलायला लागला, माणसं ओळखेना, नसलेलं दिसायला लागलं, तर ध्यान बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ती मनाची अशांती नसून उपचार लागणारी अवस्था असू शकते. दोघांपैकी कोणीही दोन आठवडे सतत खचलेलं असेल किंवा जीव द्यायचं बोलत असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात.

स्कॅनच्या आदल्या दिवशी, आणि नंतर

रिपोर्टच्या आधीचा आठवडा सगळं मोडून टाकतो. त्या दिवसांत नवीन काही करू नका, जुनाच हात, तीन मिनिटं. रिपोर्ट हातात पडला की उघडण्यापूर्वी दोघांनी एकदा पाय जमिनीला लागलेत ते बघायचं, मग पाकीट फोडायचं. एवढ्याने बातमी बदलत नाही, पण ती दोघांना एका वेळी कळते.

शेवटच्या दिवसांत रुग्ण बहुतेक वेळ झोपून असतो. तेव्हा सराव एकट्याचा उरतो. ऐकू येतंय असं धरून बोला, थोडं, ओळखीचं. त्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवायला जाऊ नका. तो मध्येच थांबायला लागतो आणि आपला जीव गुदमरतो. तुमचा श्वास तुमच्या चालीने चालू द्या.

मी शेवटची गेले तेव्हा काका डोळे मिटून पडले होते. सून भाजी निवडत तिथंच बसली होती. गोधडी बाजूला सरकवलेली, काकूंचा हात उघडाच त्यांच्या हातावर. "शिरवळ गेलं," त्या म्हणत होत्या, "आता खंबाटकी." घाटात त्या बराच वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "वेळे. सुरूर. भुईंज."